सावलीतील आणि पर्जन्यबागेतील लव्हाळे : या चुका टाळा

लव्हाळा म्हणजे ओलीत कुठेही तगणारे गवत, असे गृहीत धरून लागवड करणे ही मला सर्वाधिक आढळणारी चूक आहे. लव्हाळे गवताच्या कुळातले नाहीत, आणि त्यांच्या केरेक्स या एकाच प्रजातीत सुमारे २,००० जाती आहेत. केरेक्स स्ट्रिक्टा दलदलीत वाढतो, तर केरेक्स पेन्सिल्वानिका झाडांखालच्या कोरड्या सावलीत पसरतो. म्हणून आपल्या भागातील स्थानिक जाती मूळ कोणत्या जागी वाढतात, हे पाहिल्याशिवाय मी रोप घेत नाही.

एका परिचितांनी पर्जन्यबागेत, म्हणजे पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरवणाऱ्या उथळ खोलगट वाफ्यात, काठापासून तळापर्यंत कोरड्या सावलीची एकच जात लावली होती. पहिल्या मोठ्या पावसानंतर उतारावरचे ठोंब टवटवीत राहिले, परंतु तळातल्या ठोंबांची पाती नुसती धरताच हातात येऊ लागली. बुंधे तपकिरी आणि बुळबुळीत झाले होते, आणि मुळांना कुजका वास येत होता. त्यांनी तातडीने नवी रोपे आणून त्याच जागी लावली आणि तीही गेली, कारण खोदकामाच्या यंत्राने तळाची माती इतकी दाबली गेली होती की पाणी दिवसेंदिवस मुरतच नव्हते. अखेरीस तळ बागकामाच्या दातेरी काट्याने खोलवर मोकळा केला, खाली ओल सोसणारी जात लावली आणि कोरडी जात काठावर नेली, तेव्हा बाग सावरली. पर्जन्यबाग म्हणजे तळे नव्हे. तिच्यातले पाणी साधारणपणे २४ ते ४८ तासांत मुरले पाहिजे. सुमारे ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरून तो किती वेळात रिकामा होतो, हे रोपे आणण्याआधी पाहावे. ही चाचणी टाळून वाचवलेला वेळ पुढे दुप्पट खर्च होतो.

बुंधा मातीत किंवा आच्छादनात गाडू नये. लाकडाच्या हलक्या सालींचे आच्छादन पर्जन्यबागेत तरंगून रोपांवरच साचते. मी त्याऐवजी रोपे दाट लावते.

मोठ्या झाडाखाली सलग जमीन खणू नये, कारण त्याने झाडाची मुळे तुटतात. लहान रोपे मुळांमधल्या जागेत बसवावीत आणि झाड बरेचसे पाणी ओढून घेते हे लक्षात ठेवून पहिल्या हंगामात नियमित पाणी द्यावे.

खतांचा मारा नको.

बियांच्या बाबतीत उतावळेपणा फार नडतो. केरेक्सच्या अनेक जातींच्या बियांना उगवण्यासाठी प्रकाश लागतो, त्यामुळे त्या खोल पेरू नयेत. थंड प्रदेशांतील पुष्कळ जातींना उगवणीपूर्वी काही आठवडे ओलसर थंडावाही लागतो. काही दिवसांत कोंब दिसला नाही म्हणून ट्रे रिकामा करणाऱ्यांनी सरळ रोपे किंवा ठोंबांचे वाटे लावावेत, हेच बरे. विभागणीही वाढ सुरू असताना करावी; कडक उन्हाळ्यात केलेले वाटे सहसा जगत नाहीत.

छाटणी करायचीच असेल, तर नवी पाती फुटण्याच्या थोडे आधी आणि बुंध्यापासून चार बोटे वरून करावी. लागवडीच्या पहिल्या वर्षी मात्र मी कात्री लावतच नाही.