डिटेक्टरची नवी बॅटरी मागवण्याआधी मल्टीमीटर काढा

मंदिराच्या दर्शनबारीत, मॉलच्या दारात किंवा नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांच्या गेटवर रक्षकाच्या हातात जो मेटल डिटेक्टर दिसतो, त्यात बहुतेक वेळा नऊ व्होल्टची चौकोनी रिचार्जेबल बॅटरी असते. ‘रात्रभर चार्ज केली तरी तासाभरात बसते’ अशी तक्रार आली की नवी बॅटरी मागवतात. काही महिन्यांनी तीही बसते, कारण पहिली ज्यामुळे मेली ते कारण तसंच राहिलेलं असतं. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्तानं ज्यांना दहा-वीस डिटेक्टर सांभाळायचे आहेत, त्यांनी तरी आधी साधा मल्टीमीटर (व्होल्टेज, प्रवाह मोजायचं छोटं यंत्र) घ्यावा. तो एका चांगल्या बॅटरीच्या आसपासच्या किमतीत मिळतो.

मोजण्याआधी बॅटरीवरचं लेबल वाचा. ‘नऊ व्होल्ट’ हे नुसतं आकाराचं नाव आहे. आतले निकेल मेटल हायड्राइडचे सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे असतात. सहा सेल असतील तर ७.२ व्होल्ट, सात असतील तर ८.४, आठ असतील तर ९.६. बॅटरी सहा सेलची असेल तर तिच्यात काही बिघाड नसतानाही डिटेक्टर लवकर ‘लो बॅटरी’ दाखवू शकतो. शक्यतो सात सेलचीच घ्या. आठ सेलची घ्यायची असेल, तर तुमचा चार्जर तिला पुरेल का हे आधी बघा.

आता माप. पूर्ण चार्ज झालेली सात सेलची बॅटरी चार्जरवरून काढल्या काढल्या दहा व्होल्टच्या आसपास दाखवते आणि काही तास तशीच ठेवली की साधारण सव्वानऊवर स्थिरावते. त्याऐवजी आठच व्होल्ट दिसले, म्हणजे बरोबर एका सेलइतकी तूट आली, तर आतला एक सेल शॉर्ट झाला आहे. ती बॅटरी गेली. (आठ व्होल्ट हे सहा सेलच्या धडधाकट बॅटरीचंही माप आहे, म्हणून लेबल आधी वाचायचं.)

नुसत्या व्होल्टेजवर मात्र विसंबू नका. थकलेली बॅटरी मोकळी असताना छान आकडा दाखवते आणि भार पडला की कोसळते. ४७० ओहमचा, पाव वॅटचा रेझिस्टर दोन्ही टोकांना जोडा. साधारण १८ मिलीअँपिअर प्रवाह जातो. व्होल्टेज ७.० वर यायला किती तास लागतात ते घड्याळ लावून बघा. २०० मिलीअँपिअर-तास क्षमतेची (लेबलवर mAh) नवी बॅटरी जवळपास अकरा तास टिकायला हवी. सहा तासांत सातवर आली, तर निम्मी क्षमता उरली आहे. ती आठ तासांच्या शिफ्टला देऊ नका, सुटी म्हणून ठेवा. ७.० च्या खाली मात्र उतरवू नका. सातही सेल कधी अगदी सारखे नसतात. सगळ्यांत अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे सहा त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलतात. त्या सेलची ध्रुवता उलटते आणि तो कायमचा अधू होतो. शिफ्ट संपल्यावर कळ बंद करायची राहून जाते तेव्हा नेमकं हेच घडतं. बॅटरी मारण्यात या विसराळूपणाचा वाटा फार मोठा.

बॅटरी या परीक्षेत पास झाली, तर संशय स्नॅपवर, म्हणजे दोन तोंडांच्या त्या जोडणीवर. डिटेक्टर चालू ठेवून आधी बॅटरीच्या टोकांवर आणि मग आत सर्किटवर जिथे लाल-काळी वायर पोचते तिथे व्होल्टेज मोजा. दोन्हींत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर जोडणी सैल किंवा गंजलेली आहे. त्र्यंबक, इगतपुरीकडच्या पावसाळ्यात ही तक्रार हटकून येते. हिरवट थर पेन्सिलच्या खोडरबरानं घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पांढरी भुकटी दिसली तर तो गळलेला क्षार आहे: कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन टिपा, लगेच ओलसर फडक्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. डोळ्यांना बोट लावू नका. पाकळ्या फाकल्या असतील तर बारीक पकडीनं किंचित आवळा. जोर दिला तर पाकळी तुटते.

चार्जरचा प्रवाहही मोजायला हवा. बॅटरी जरा फिरवून एकच टोक स्नॅपला अडकवा, दुसऱ्या टोकाच्या वाटेत मीटर मिलीअँपिअरवर लावून घ्या आणि चार्जिंग सुरू करा. क्षमतेला या आकड्यानं भागून १.४ नं गुणलं की तास मिळतात: २०० ला २० मिलीअँपिअर म्हणजे चौदा तास. स्वस्त अडॅप्टर कधी ६० मिलीअँपिअर देतात. तिथे पाच तासांत काम होतं, पण ‘रात्रभर लावायची’ ही सवय सुटत नाही आणि उरलेले सात तास बॅटरी नुसती शिजते. कोमट लागली तर चालेल. हातात धरवत नसेल तर ताबडतोब काढा. पाच-सातशे रुपये वाचवायला टायमर घेत नाहीत आणि वर्षाला चार बॅटऱ्या घेतात, हे गणित आम्हाला कधी कळलं नाही.

एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या चौकीत दुपारी चार्जिंग करू नका. तिथलं तापमान सहज ४५ अंशांच्या पुढे जातं. रात्री किंवा ऑफिसात लावा. निफाडकडच्या थंडीत पहाटे बॅटरी थोडी कमी टिकते. तो बिघाड नव्हे.

एक धोका ठळक सांगायला हवा. रिचार्जेबल बॅटरी संपली म्हणून रक्षक दुकानातून साधी अल्कलाइन आणून घालतो आणि सवयीनं चार्जरची पिन लावतो. ती गळते, कधी फुटते. अशी बॅटरी घातली तर चार्जिंगच्या छिद्रावर चिकटपट्टी लावा. लिथियमच्या नऊ व्होल्टच्या बॅटरीलाही तिचाच चार्जर लागतो, निकेलचा चालत नाही. ती फुगली तर दाबू नका, टोचू नका.

दोन शिफ्ट असतील तर प्रत्येक डिटेक्टरमागे दोन बॅटऱ्या ठेवा, त्यांवर ‘अ’ आणि ‘ब’ व खरेदीचा महिना लिहा, आणि आलटून पालटून वापरा. कंपनाची सोय आवाजापेक्षा जास्त वीज खाते. गोंगाट नसेल तिथे बंद ठेवा.

बरेच दिवस पडून राहणार असेल तर बॅटरी डिटेक्टरबाहेर काढा. साधी निकेलची बॅटरी महिन्याभरात आपोआप बरीच उतरते, म्हणून वापराच्या आदल्या दिवशी पुन्हा चार्ज करा. आपोआप कमी उतरणाऱ्या (‘लो सेल्फ-डिस्चार्ज’) प्रकारात ही कटकट कमी असते. बराच काळ पडलेली निकेलची बॅटरी दोन-तीन वेळा सावकाश चार्ज करून ७.० पर्यंत उतरवली की बऱ्यापैकी सावरते. लिथियमची मात्र निम्मी चार्ज करून, गार जागी ठेवा. चौकटीच्या मोठ्या डिटेक्टरमागे शिसे-आम्लाची १२ व्होल्टची बॅटरी असते, ती नेहमी भरलेली हवी. निवांत असताना १२.४ च्या खाली दिसली तर लगेच चार्ज करा.

निकामी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. जुन्या निकेल-कॅडमियममध्ये कॅडमियम असतं. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून वेगळ्या डब्यात जमवा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे किंवा विक्रेत्याकडे द्या.