टोपीचं रिव्हॉल्व्हर कमरेला लावताना या चुका टाळा

जानेवारी १८७६. कॅन्ससमधल्या विचिटा गावात पोलीस असलेला वायट अर्प एका गुत्त्याच्या मागच्या खोलीत बसला होता. रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून निसटून खाली पडलं आणि बार उडाला. गोळी त्याच्या कोटातून गेली, भिंतीवर आपटली आणि छतातून बाहेर पडली. गावच्या वर्तमानपत्राने कारणही छापलं: घोडा टोपीवर टेकलेला होता. टोपी म्हणजे प्रत्येक घराच्या मागे लावायची छोटी स्फोटक टोपी; घोडा, म्हणजे मागचा हातोडा, तिच्यावर आपटला की बार उडतो.

अमेरिकेत आज कोल्ट १८५१ नेव्ही, कोल्ट १८६० आर्मी आणि १८५८ ची रेमिंग्टन यांच्या प्रतिकृती सहज मिळतात. बहुतेक उबर्टी किंवा पिएट्टा या इटालियन कंपन्यांच्या असतात. तिथल्या मराठी मंडळींपैकी कुणी या छंदात उतरत असेल, तर पहिली गोष्ट लक्षात ठेवा: या हत्यारांत आजच्या पिस्तुलासारखी आतली सुरक्षा-यंत्रणा नसते. घोडा कशावर टेकला आहे, तीच त्यांची सुरक्षा.

म्हणून सर्वांत मोठी चूक म्हणजे सहाही घरं (फिरत्या सिलिंडरमधले दारू-गोळीचे कप्पे) भरून, सहाही टोप्या लावून घोडा एका टोपीवर सोडणं. पडलं, दारात आपटलं, खुर्चीच्या हातात अडकलं की तो धक्का थेट टोपीला बसतो.

दुसरी चूक अर्ध्या चढवलेल्या घोड्यावर विसंबण्याची. घोडा अर्धा चढवल्यावर चाप ज्या खाचेत अडकतो, ती खाच सिलिंडर मोकळं फिरावं, भरता यावं, यासाठी आहे. चापाचं तिथे अडकणारं टोक बारीक असतं. घोड्यावर जोराचा आघात झाला तर ते तुटू शकतं.

कोल्टने यावर उपाय ठेवला होता. सिलिंडरच्या मागच्या बाजूला दोन निपलांच्या (टोपी बसते त्या नळ्यांच्या) मध्ये छोट्या खुंट्या असतात आणि घोड्याच्या तोंडाला तेवढीच खाच. घोडा खुंटीवर बसला की तो टोपीपासून दूर राहतो. पण कागदावर चोख दिसणारी ही सोय हातातल्या नगात तशी असेलच असं नाही. खुंट्या झिजतात, चेपतात. शिवाय घोडा दोन घरांच्या मध्ये असताना सिलिंडर अडवणारी खालची कळ कुठल्याच खाचेत नसते, त्यामुळे सगळा भार त्या एका खुंटीवर. तपासायला हत्यार पूर्ण रिकामं करा, घोडा हळूच खुंटीवर उतरवा आणि सिलिंडर बोटांनी फिरवून पाहा. जरासंही सरकलं, तर त्या खुंटीवर भरवसा नको. पाचच घरं भरा आणि घोडा रिकाम्या, टोपी नसलेल्या घरावर ठेवा. रेमिंग्टनमध्ये खुंट्यांऐवजी सिलिंडरलाच खोल खाचा कापलेल्या असतात. माझ्या मते या एका बाबतीत रेमिंग्टन सरस आहे, तरी तपासणी तिचीही करावी.

आता काडतुसाचं सिलिंडर. किर्स्ट किंवा आर अँड डी या कंपन्यांची ही सिलिंडरं बसवली की .४४ चं टोपीचं रिव्हॉल्व्हर .४५ कोल्टची काडतुसं उडवतं. इथे अनुभवी माणसंही घसरतात, कारण हात जुन्याच सवयीने चालतो. मूळ खुंट्या-खाचा जुन्या सिलिंडरबरोबर निघून गेलेल्या असतात. काही सिलिंडरांत घोड्याला टेकायला वेगळी जागा असते, सगळ्यांत नसते. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं नसेल तर एक घर रिकामंच ठेवा. कोल्ट पद्धतीच्या, बाजूच्या झडपेतून भरायच्या सहा घरांच्या हत्यारात जुना क्रम असा: एक भरा, एक सोडा, चार भरा, घोडा पूर्ण चढवून सावकाश उतरवा. आपल्या हत्यारात तो रिकाम्या घरावर येतो का, हे आधी उडवलेल्या पुंगळ्या घालून बघून घ्या. सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी या काउबॉय-नेमबाजी संस्थेच्या स्पर्धांतही रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच, आणि घोडा रिकाम्यावर.

पितळी फ्रेमच्या प्रतिकृतीत काडतुसाचं सिलिंडर घालू नका, फ्रेम पोलादीच हवी. काडतुसंही शिशाच्या गोळीची, कमी दाबाची ‘काउबॉय’ प्रकारचीच. आणि टोपीच्या सिलिंडरमध्ये आधुनिक धूरविरहित दारू कधीही नाही.

चित्रपट पाहून शिकलेली एक चूक म्हणजे भरलेलं जादा सिलिंडर खिशात ठेवणं. टोप्या लावलेलं सिलिंडर दगडावर पडलं तर ते घर उडू शकतं, आणि त्या वेळी तोंड कुठे असेल याचा नेम नाही. मागच्या चकतीत प्रत्येक घरासाठी वेगळी पिन असलेल्या काडतुसाच्या सिलिंडरलाही हाच धोका.

टोप्या निपलच्या मापाच्याच घ्या. ढिली टोपी चालताना गळते किंवा तिचे तुकडे यंत्रात अडकतात. टोपी नीट बसवायला लाकडी काडीने दाबा, घोड्याने नाही. होल्स्टर चापाची कडी पूर्ण झाकणारं असावं आणि घोड्यावरून चामडी फास असावा.

कायद्याचा भाग थोडक्यात. अमेरिकेच्या संघीय कायद्यात टोपीची प्रतिकृती सहसा पुरातन हत्यारांत मोडते, पण काडतुसाचं सिलिंडर बसवलं की ती सूट टिकत नाही. राज्याराज्यांचे नियम वेगळे. बाळगण्याआधी आपल्या राज्याचे वाचा. तिथल्या विमानप्रवासात काळी दारू (बंदुकीची जुनी, धूर करणारी दारू) आणि टोप्या हातातल्या बॅगेतही चालत नाहीत, चेक-इनच्या सामानातही नाहीत. भारतात अमेरिकेची ही सूट लागू नाही. चालू स्थितीतल्या अशा हत्याराला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो.

शेवटची चूक घरी परतल्यावरची: टोप्या काढल्या म्हणजे हत्यार रिकामं झालं, असं समजून कपाटात ठेवणं. दारू आणि गोळी आतच असते, आणि पुढच्या महिन्यात कुणीतरी टोपी लावून चाप ओढून बघतं. रेंजवरच उरलेली घरं सुरक्षित दिशेने उडवून संपवा. मग सिलिंडर काढून प्रत्येक घरात उजेड टाकून पाहा, आणि त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, तेल लावा. काळ्या दारूचा मळ हवेतलं पाणी ओढतो आणि लोखंडाला लवकर गंज चढवतो.