रंगभूमी, चित्रकला, संगीत: ऑनलाइन विषय-मार्गदर्शिका बनवायची कशी आणि चालू ठेवायची कशी

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेची भेट जवळ आली की त्यांच्या संकेतस्थळांवर ‘ग्रंथालय’ या मेन्यूखाली एकाएकी बरंच काही उगवतं. त्यात एखादी विषय-मार्गदर्शिकाही असते. लांबच लांब लिंकांची यादी, वर बोधचिन्ह आणि खाली कुणाचंच नाव नाही. भेट पार पडते आणि ते पान जे पडून राहतं ते पुढच्या भेटीपर्यंत.

खरं तर विषय-मार्गदर्शिका ही फार कामाची वस्तू आहे. एखाद्या विषयासाठी आपल्या कपाटात काय आहे, नेटवर विश्वासाचं काय आहे आणि एसटीने जाऊन प्रत्यक्ष काय पाहता येईल, हे ती एका पानावर सांगते. सांगली-साताऱ्यातल्या कलेच्या विद्यार्थ्याला तर याची जास्तच गरज, कारण त्याच्या विषयातलं पुष्कळसं इथेच आहे आणि सर्चमध्ये ते वर येत नाही. परदेशातली विद्यापीठं अशा पानांसाठी ‘लिबगाइड्स’ नावाची सशुल्क प्रणाली वापरतात. आपल्याला गुगल साइट्स पुरतं. पैसे लागत नाहीत, लागतो तो सांभाळणारा माणूस.

पायरी १: विषय लहान घ्या

‘कला’ या नावाचं पान बनवू नका. ‘मराठी रंगभूमी’, ‘भारतीय चित्रकला’, ‘तंतुवाद्यं’ अशी वेगळी पानं करा आणि प्रत्येकात पंधरा-वीस नोंदींच्या वर जाऊ नका. यादी लांबली की विद्यार्थी वाचत नाही आणि ग्रंथपाल तपासत नाही.

पानाची मांडणी पेपर क्रमांकावर करू नका. नव्या शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रमाची रचना, पेपरांची नावं आणि श्रेयांकं बदलत आहेत. ‘पेपर ५’ असं शीर्षक दिलंत तर पुढच्या वर्षी सगळं पान नव्याने लावावं लागेल. विषयाचं नाव टिकतं. पेपरचा उल्लेख हवाच असेल तर तो एका ओळीत वेगळा ठेवा, म्हणजे तेवढीच ओळ बदलता येते.

पायरी २: आधी आपलं कपाट

बहुतेक मार्गदर्शिका थेट इंटरनेटवर उडी मारतात. सुरुवात आपल्याच रॅकपासून करा. ड्यूई वर्गीकरणात (पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत) मराठी नाटकांच्या संहिता ८९१.४६२ खाली जातात, आणि नेपथ्य, दिग्दर्शन, अभिनय यांवरची पुस्तकं ७९२ खाली. म्हणजे ‘नाटक’ शोधणाऱ्या मुलाला दोन टोकांच्या दोन कपाटांपर्यंत जावं लागतं, आणि त्याला कुणी सांगितलं नाही तर तो एकाच कपाटाशी थांबतो. भारतीय चित्रकला ७५९.९५४ पाशी, तंतुवाद्यं ७८७ पाशी. हे वर्गांक पानाच्या वरच्याच भागात द्या, शेजारी कपाट क्रमांक लिहा: ‘संहिता, कपाट ११, रंगतंत्र, कपाट ८, खिडकीजवळ.’ विद्यार्थ्याला वर्गांकापेक्षा खिडकी लवकर सापडते.

पुस्तकाचं नाव पानावर टाकण्याआधी उठून रॅकवर जाऊन पाहा. कॉम्प्युटरवरच्या सूचीत ‘उपलब्ध’ दिसतं म्हणून ते रॅकवर असतंच असं नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कृष्णाकाठच्या ग्रंथालयांना हे वेगळं सांगायला नको. भिजून रद्द झालेली पुस्तकं सूचीतून कमी व्हायची राहून गेली, तर मार्गदर्शिका मुलांना अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाकडे पाठवत राहते.

पायरी ३: पंचक्रोशीतल्या नोंदी

माझ्या मते हा भाग मार्गदर्शिकेचा जीव आहे. बाकीचं थोडंफार कुठेही मिळेल, हे मिळणार नाही. म्हणून इथे हात आखडू नका.

बऱ्याच याद्यांमध्ये असं वाचायला मिळतं: ‘औंध म्युझियम. सुंदर संग्रह, अवश्य भेट द्या.’ यातून विद्यार्थ्याच्या पदरात काय पडलं? तीच नोंद अशी लिहून पाहा:

*श्री भवानी वस्तुसंग्रहालय, औंध (ता. खटाव, जि. सातारा). औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलं. ते स्वतः चित्रकार होते. इथे राजा रविवर्मांची मूळ तैलचित्रं आहेत आणि हेन्री मूर यांचं माता व बालक हे दगडी शिल्प आहे. रविवर्मांची चित्रं आपण बहुतेक छापील पाहतो, त्यात रंगाचे थर कळत नाहीत. इथे कापडाच्या चुण्या आणि दागिन्यांची चमक कशी रंगवली आहे ते जवळून पाहा. स्केचबुक न्या. सुट्टीचा वार आणि फोटोंची परवानगी आधी विचारून घ्या. नोंद तपासली: जून.*

काय आहे, का पाहायचं, काय घेऊन जायचं, काय विचारून जायचं आणि नोंद कधी तपासली. एवढं आलं की झालं. वेळा आणि तिकिटाचे दर मात्र पानावर लिहू नका. ते बदलतात आणि मग बस पकडून गेलेला मुलगा बंद दारासमोर तुम्हाला आठवतो.

रंगभूमीच्या पानावर सांगलीच्या विष्णुदास भावे यांचा संदर्भ येणारच. १८४३ मध्ये सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने त्यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केलं आणि मराठी रंगभूमीची सुरुवात आपण तिथून मोजतो. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो आणि त्याच्या आधीचा आठवडा ग्रंथालयात भाषण, पोस्टर, भित्तिपत्रक अशी झुंबड असते. तेव्हा हे पान ऑक्टोबरमध्ये तपासायला घ्या. जूनमध्ये त्याला कुणी विचारत नाही.

तंतुवाद्यांच्या पानावर मिरज. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीत वाळलेल्या भोपळ्यापासून तंबोरा कसा आकार घेतो हे पाहता येतं. पण कारागिरांचे मोबाइल नंबर त्यांना न विचारता पानावर टाकू नका. ‘भेटीसाठी ग्रंथालयात विचारा’ एवढं पुरे. एक वर्ग एकदम दुकानात शिरला तर त्यांचं काम थांबतं, हेही मुलांना लिहून कळवा.

पायरी ४: लिंक कोणती आणि कशी द्यायची

इन्फ्लिबनेटची शोधगंगा (प्रबंधांसाठी, सर्वांना खुली), एन-लिस्ट (ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं, सदस्य महाविद्यालयांसाठी, लॉगिन लागतं), आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी, इंटरनेट आर्काइव्ह आणि मराठी विश्वकोश. एवढ्यावर बरंच भागतं. प्रत्येकापुढे ‘खुलं’ की ‘लॉगिन लागेल’ हे लिहा, आणि लॉगिन ग्रंथालयात कुणाकडे मागायचं तेही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पत्ता कॉपी करताना. एन-लिस्टमध्ये लॉगिन करून लेख उघडला की वरच्या पट्टीत जो लांबलचक पत्ता दिसतो, तो तुमच्या त्या लॉगिनपुरता असू शकतो. तो पानावर टाकला तर तुमच्याकडे उघडतो, मुलांकडे नाही. लेखाचा डीओआय क्रमांक (लेखाची न बदलणारी ओळख) असेल तर तो द्या. शोधगंगेवर प्रत्येक प्रबंधाच्या नोंदीत ‘हँडल’ नावाचा कायमचा पत्ता असतो, तोच घ्या. गुगल ड्राइव्हवरची स्वतःची फाइल दिली असेल तर शेअरिंग ‘लिंक असलेल्या कोणालाही’ आहे ना, हे दुसऱ्याच्या मोबाइलवरून पाहा. स्वतःच्या मोबाइलवर सगळंच उघडतं.

विश्वकोशाचं काम वाईतून चालतं, म्हणजे आपल्याच घरचा ग्रंथ. पण दोन गोष्टी सांभाळा. त्याच्या संकेतस्थळाचे पत्ते बदलत आले आहेत, त्यामुळे लिंकेबरोबर नोंदीचं शीर्षक आणि खंड क्रमांकही लिहा. पत्ता मेला तरी शीर्षकावरून नोंद शोधता येते. दुसरं, पहिला खंड १९७६ चा. सुरुवातीच्या खंडांतली कलेवरची नोंद पायाभूत माहितीसाठी उत्तम, पण त्यानंतरच्या पन्नास वर्षांचं काय? तिथे विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांच्या, म्हणजे विषयवार तज्ज्ञगटांच्या, नव्या नोंदी जोडा.

महत्त्वाचं पान नाहीसं होईल अशी धास्ती असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (इथे पानाची प्रत जपून राहते) ‘सेव्ह पेज नाऊ’ करून ठेवा आणि तो दुसरा पत्ता आपल्या तपासणीच्या तक्त्यात नोंदवा.

पायरी ५: कॉपीराइट पाहूनच स्कॅन द्या

इंटरनेट आर्काइव्हवर एखाद्या पुस्तकाचं स्कॅन सापडलं म्हणजे ते मोफत वाटायला परवानगी मिळाली असं नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. सांगलीचीच दोन नावं घ्या. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेली नाटकं १ जानेवारी २००९ पासून खुली आहेत. वि. स. खांडेकर गेले १९७६ मध्ये, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे. एकाचं स्कॅन द्या, दुसऱ्याचं फक्त दाखल क्रमांकासह नाव द्या. जुन्या नाटकाची नवी आवृत्ती असेल तर संपादकाची प्रस्तावना आणि टीपा यांचा हक्क निराळा असतो.

ध्वनिमुद्रणाचा हिशेब वेगळा, तिथे ६० वर्षं प्रसिद्धीपासून. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये वारले, त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या त्यामुळे खुल्या झाल्या आहेत.

पायरी ६: सापडेल असं लिहा

पान युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल थेट चिकटवली तर अक्षरांच्या जागी ठिपके-चिन्हांचा खिचडा दिसतो आणि शोध तर लागतच नाही. युनिकोडमध्येही एक गोम आहे. ‘ॲकॅडमी’ मधलं पहिलं अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं. डोळ्यांना सारखंच दिसतं, कॉम्प्युटरला वेगळं वाटतं. सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरा.

मुलं शोधताना ‘जलरंग’ लिहितात, ‘वॉटरकलर’ लिहितात, तंबोऱ्याला तानपुरा म्हणतात. नोंदीत दोन्ही शब्द येऊ द्या. पान शेवटी मोबाइलवर उघडून पाहा, कारण बाकी कुठे ते उघडलं जाणारच नाही. पीडीएफ करून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकण्याचा मोह आवरा. पीडीएफ एकदा सुटली की तुमची दुरुस्ती तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

पायरी ७: तपासणी

गुगल शीटमध्ये एक साधा तक्ता करा: नोंद, पत्ता, शेवटची तपासणी, कुणी केली, शेरा. सत्र सुरू होण्याआधी वर्षातून दोनदा सगळं तपासा. लिंक तपासणारी मोफत साधनं मिळतात, पण ती फक्त पान उघडतं की नाही एवढंच सांगतात. पान उघडलं आणि आत दुसरंच काही निघालं, किंवा ‘संकेतस्थळाचे काम सुरू आहे’ एवढीच पाटी निघाली, तर ते माणसालाच कळतं. म्हणून प्रत्येक लिंक दाबा आणि पहिला परिच्छेद वाचा.

नवी नोंद घालायची तर एक जुनी काढा. हा नियम लोकांना जाचक वाटतो, विशेषतः सुचवणारे प्राध्यापक ज्येष्ठ असतील तेव्हा. तेव्हा सरांनाच विचारा: ‘सर, यातलं काय काढू?’ उत्तर येतं, आणि बहुधा योग्य येतं.

दुरुस्तीसाठी पानाच्या तळाशी छोटा गुगल फॉर्म द्या. त्यात प्रश्न दोनच: ‘काय उघडलं नाही?’ आणि ‘काय सापडलं नाही?’ दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं वर्षअखेर पुस्तक खरेदीच्या बैठकीत उपयोगी पडतात.

पायरी ८: पान कुणाच्या नावावर?

पान कुणाच्या खाजगी ईमेलवर बनवू नका. बदली होते, कंत्राट संपतं, माणूस निवृत्त होतो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. ग्रंथालयाच्या ईमेलवरून बनवा आणि संपादनाचा अधिकार किमान दोघांना द्या. एक ग्रंथालयातला, एक विभागातला. दोघांची पदं पानावर लिहा, ‘अखेरची तपासणी’ ही तारीख वरच्या बाजूला ठेवा.

दोघांपैकी कुणीच उरलं नाही आणि सलग दोन सत्रं तक्त्यात नवी तारीख पडली नाही, तर पान अप्रकाशित करा. मेन्यूतलं नाव आणि कपाटावर चिकटवलेला क्यूआर कोडही त्याच दिवशी काढा.