शूलपाणीच्या झाडीत तिघांनी कसं चालावं

ओंकारेश्वरला नर्मदेची परिक्रमा उचलून दक्षिण तटाने पश्चिमेकडे निघालं की बडवानीचा राजघाट येतो आणि तिथून पुढे सातपुड्यात शूलपाणीची झाडी सुरू होते. बरेच जण इथे बिचकतात आणि सडकेने वळसा घालतात. आम्ही झाडीतूनच गेलो. मी, माझी धाकटी जाऊ आणि सहासष्ट वर्षांचा मामेभाऊ, ज्याला आम्ही दोघी दादाच म्हणतो. चढ-उतार अंगवळणी पडले चार दिवसांत. तिघांची चाल जुळायला जास्त वेळ लागला.

तीन तिगाडा काम बिगाडा म्हणतात, पण झाडीत तीनच बरे. एकाचा पाय मुरगळला तर दुसरा जवळ बसतो, तिसरा पाड्यावर जाऊन माणूस घेऊन येतो. शिवाय झोपडीच्या ओसरीवर तिघांची आसनं लागतात, सातांची लागत नाहीत. सोबती निवडताना त्याची भक्ती बघू नका, पहाटे किती वेळात आवरतो ते बघा. निघण्याआधी पाठीवर पूर्ण सामान घेऊन सलग दोन दिवस एखादा डोंगर चढून या. पहिल्या दिवशी सगळेच गोड बोलतात. खरा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी दिसतो.

चालताना सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. आम्ही सुरुवातीला उलटं केलं. जाऊ पायाने हलकी, ती पुढे सुटायची. दुसऱ्या दिवशी एका फाट्यावर ती उजवीकडची पगदंडी धरून उतरत गेली आणि थेट धरणाच्या पाण्याशी जाऊन थांबली. सरदार सरोवराच्या फुगवट्यात काठाची जुनी वाट बुडाली आहे, आताची वाट वरून डोंगरातून जाते. पण परिक्रमेत मैया, म्हणजे नर्मदा, उजव्या हाताला ठेवायची हे डोक्यात पक्कं, त्यामुळे पाणी दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात. तिला हाका मारून आमचे घसे बसले. दोन तासांनी वर आली तेव्हा आधी रडली, मग माझ्यावरच चिडली, "ताई, तुम्ही थांबायला सांगितलंच नाहीत!" बरोबर होतं तिचं. मी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री ठरवलं ते शेवटपर्यंत पाळलं. फाटा आला की पुढच्याने थांबायचं, मागचे दोघे दिसल्याशिवाय हलायचं नाही. जी वाट आपली नाही तिच्यावर हातातला दांड, म्हणजे काठी, आडवी टाकायची. शेवटच्याने ती उचलून आणायची. मोबाइलच्या भरवशावर राहू नका, दऱ्यांत रेंज नसते.

पाठीवर सहा किलोंच्या वर काही नको. दोन जोड कपडे, अंथरूण-पांघरूण, ताट, टॉर्च, मैयाचं जल ठेवायची कुपी, आश्रमांत शिक्के मारून घ्यायची डायरी. औषधांची पिशवी, सुई-दोरा, तवा, शिधा यांची मात्र वाटणी करा, तिघांनी तीन तवे वाहू नयेत. पिण्याचं पाणी प्रत्येकी दोन लिटर. थंडीत दिवसा ऊन लागतं आणि रात्री दात वाजतात, म्हणून कानटोपी विसरू नका. फोड आला तर कातडी सोलू नका. सुई ज्योतीवर धरून दोरा आरपार ओवा आणि तो तसाच राहू द्या, पाणी निथळतं. डॉक्टरांना हे आवडणार नाही, दादाची टाच मात्र यावरच चालली. मधुमेह असेल तर हा उद्योग करू नका.

इथल्या भिल्ल-पावरा लोकांना परिक्रमावासी मामा म्हणतात. पूर्वी मामा लुटायचे, अंगावर लंगोटी ठेवायचे, अशा कथा ऐकूनच आपण आलेलो असतो. आम्हाला मामींनी स्वतःच्या चुलीवरची ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. सदाव्रत, म्हणजे फुकट दिलेला कोरडा शिधा, मिळालं तर घ्या, उद्याचं आजच मागून साठवू नका. आणि एक विनंती, पोरांना चॉकलेटं वाटू नका. "नर्मदे हर, चॉकलेट!" असं ओरडत ती उतारावर पळत येतात आणि मागे चढभर चकचकीत कागद पडलेले असतात. द्यायचंच असेल तर आश्रमशाळेत गुरुजींच्या हाती वह्या द्या.

रुसवाफुगवा होणारच. आमचा नियम असा होता की सकाळच्या बालभोगापर्यंत, म्हणजे न्याहारीपर्यंत, कुणी बोलायचं नाही, फक्त जप. निम्मी भांडणं चहाच्या आधीच विरून जायची. दादाच्या घोरण्यावर मात्र उपाय सापडला नाही. शेवटी त्याचं आसन गोठ्याच्या बाजूला लागायचं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावला बाजार आहे, तिथे औषधं भरून घ्या. पुढे गुजरातेत गोऱ्याला शूलपाणेश्वराचं नवं मंदिर आहे, जुनं धरणात गेलं. तिथे एक अख्खा दिवस थांबा. कपडे धुवा, तिघांची सामानं ओतून पुन्हा वाटून घ्या, आणि कुणाचा गुडघा खरंच गेला असेल तर लाज न बाळगता तिथूनच त्याला गाडीत बसवा. आमच्यात तो माझा होता. जाऊने माझी कुपी स्वतःच्या पिशवीत ठेवली आणि तवा माझ्या हातात दिला. "ताई, आता हा घरी न्या," म्हणाली.