गणपतीची रजा आणि उरलेली सोलकढी

खाण्यापिण्याच्या फ्रँचायझी साखळीत, म्हणजे नाव आणि नियम कंपनीचे पण प्रत्येक शाखेला वेगळा मालक, शाखा बघायच्या कामावर लागलात की हातात एक जाड फाईल पडते. मलाही मिळाली. टोपी कशी घालायची, पेला कुठवर भरायचा, गिऱ्हाइकाला काय म्हणायचं, सगळं लिहिलेलं. चिपळूण ते सावंतवाडी हायवेलगतच्या ११ शाखा माझ्याकडे. वर्षभर फाईल घेऊन फिरलो. माझी गाडी दिसली की पोरं टोप्या घालायची, साधलं ते एवढंच.

फाईलीत नियम होता : सणाच्या गर्दीत रजा नाही. हे लिहिणारा नक्कीच कोकणातला नव्हता! चाकरमानी गावी आले की आमचा धंदा सगळ्यात जोरात, आणि नेमके तेव्हाच काउंटरवरच्या पोरांच्या घरी गणपती. कणकवलीत मी नियम वाचून दाखवला तर शाखेचे मालक म्हणाले, “गणपती काय तुमका इचारून येतत?” चतुर्थीला दुकानाला कुलूप.

पुढच्या वर्षी मे महिन्यातच सगळ्या पोरांना एकच विचारलं, तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा? दीड दिवसवाले तिसऱ्या दिवशी हजर, गौरी-गणपतीवाले विसर्जनानंतर, अकरा दिवसवाल्यांना पहिले दोन दिवस आणि अनंत चतुर्दशी. मुसलमान पोरांनी चतुर्थी सांभाळली, ईदला त्यांच्या जागी बाकीचे उभे राहिले. राजापूरचा मुलगा लांज्याच्या काउंटरवर गेला, लांज्याचा कणकवलीला. चतुर्थीच्या सकाळी दुकानं बंदच ठेवायची, एवढं लेखी मिळवायला मुख्य कचेरीत तीन खेपा घातल्या. तोवर एका शाखेतला माणूस दुसऱ्या शाखेतल्याला ओळखतही नव्हता.

सगळ्यात अवघड गाठ सोलकढीची. नारळाच्या दुधाची कढी, उरलेली रात्री ओतून टाका, असं फाईल सांगते. मालक ओतत नव्हते, सकाळच्या ताज्या कढीत मिसळायचे. आधी मला ती लबाडी वाटली. मग हिशेब मांडून बघितला. रॉयल्टी, म्हणजे मालकाने कंपनीला द्यायचा वाटा, जाते विक्रीवर, नफ्यावर नाही. म्हणजे मालक तोट्यात असला तरी कंपनीचा वाटा शाबूत, आणि ओतलेल्या कढीतला नारळ त्याच्या खिशातला. अशा माणसाला ‘आपण एक कुटुंब’ ऐकवताना मला आता लाज वाटते. ओतलेली लिटरं आम्ही मालकांना वहीत लिहायला लावली आणि अर्धा तोटा रॉयल्टीतून वजा केला. खोट्या नोंदी होतील ही कचेरीची भीती, दोघांनी केल्याही. बाकी ठिकाणी मिसळणं थांबलं. शिवाय कधी किती करायची याचा अंदाज आला. श्रावणात मासे बंद, तशी कढीही कमी.

कागदांचं थोडक्यात. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही, बराचसा भार करारावर, १८७२ च्या करार कायद्याखाली. तेव्हा रॉयल्टी कशावर, माल कुठून, सोडताना काय, हे स्वतः वाचा. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना प्रत्येक शाखेचा वेगळा. आणि पहिले १५ दिवस तपासणीला जाऊ नका, काउंटरमागे भांडी घासा. पोरं तिथेच बोलतात.

जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची शाखा गेली. वाशिष्ठीचं पाणी ओसरल्यावर आत गुडघाभर चिखल. कचेरीतून कुणाला निरोप गेला नव्हता. रस्ता सुरू झाला तशी लांज्याची, राजापूरची पोरं फावडी घेऊन आली, कणकवलीचे मालक पिण्याच्या पाण्याचे कॅन घेऊन. टोपी एकाच्याही डोक्यावर नव्हती.