आवडती फिल्म बंद झाल्यावर हौशी चित्रपटकारांकडून होणाऱ्या चुका, आणि त्या कशा टाळायच्या

मे २००५ मध्ये कोडॅकने सुपर-८ ची, म्हणजे हौशी चित्रपटकारांच्या ८ मिमी कॅमेऱ्यांसाठीची, कोडाक्रोम ४० ही रंगीत फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरच्या वाढदिवसांपासून छोट्या कथापटांपर्यंत सगळं याच फिल्मवर टिपणारे हौशी लोक जगभर होते. तिचा भरदार लाल, सावल्यांतला गडद काळा आणि कडांची धार त्यांच्या डोळ्यांत बसली होती. पुढे हेच पुन्हा पुन्हा घडत गेलं. तिच्या जागी आलेली एक्टाक्रोम ६४टी २०१० मध्ये गेली, त्याच वर्षी काळी-पांढरी प्लस-एक्स रिव्हर्सल (रिव्हर्सल म्हणजे धुतल्यावर थेट पाहता येणारं चित्र देणारी फिल्म) गेली आणि २०१२ च्या अखेरीस एक्टाक्रोम १००डी बंद करण्याची घोषणा झाली. कंपनीचा निर्णय आपल्या हातात नसतो. पण त्यानंतर होणारं बरंचसं नुकसान आपल्याच हातून होतं आणि ते टाळता येतं.

साठा करायचा आणि वापरायचा नाही

फिल्म बंद होण्याची बातमी आली की पहिली धाव दुकानाकडे असते. मिळतील तेवढी कार्ट्रिज (फिल्मच्या बंद डब्या) घ्यायची, फ्रीजरमध्ये ठेवायची आणि 'काहीतरी खास चित्रित करायचं असेल तेव्हा काढू' म्हणायचं. ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते, कारण फिल्मला दोन मरणं असतात. एक विक्री थांबते तेव्हाचं आणि दुसरं ती धुण्याची, म्हणजे रसायनांत चित्र उमटवण्याची, प्रक्रिया बंद होते तेव्हाचं. खरी मुदत दुसरी असते.

कोडाक्रोमच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसलं. इतर रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारे घटक आधीपासूनच इमल्शनमध्ये, म्हणजे फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थरात, असतात. कोडाक्रोममध्ये ते नव्हते. ती मुळात काळ्या-पांढऱ्या थरांचीच फिल्म होती आणि रंग धुताना, एकेका थरात वेगळा, घातला जाई. के-१४ नावाची ही प्रक्रिया इतकी गुंतागुंतीची होती की घरी ती करणं जवळपास अशक्यच. म्हणजे प्रयोगशाळा बंद झाली की रंगही संपले. कॅन्ससमधल्या पार्सन्स गावातली ड्वेन्स फोटो ही के-१४ करणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा. तिने ३० डिसेंबर २०१० ही रोल स्वीकारण्याची शेवटची तारीख ठेवली होती. त्यानंतर फ्रीजरमधून निघालेल्या कार्ट्रिजमधून रंग काढणं जवळपास कुणालाच शक्य राहिलं नाही. फुजीच्या सिंगल-८ या ८ मिमीच्याच दुसऱ्या प्रकाराचंही असंच झालं. विक्री थांबल्यावर कंपनीने धुण्याची सोय काही काळ चालू ठेवली आणि २०१३ मध्ये तीही बंद केली.

म्हणून पहिला प्रश्न 'किती कार्ट्रिज मिळतील?' हा नसावा. 'ही कुठल्या प्रक्रियेत धुतली जाते आणि ती आणखी कोणत्या फिल्मसाठी वापरली जाते?' हा असावा. एक्टाक्रोम ई-६ मध्ये धुतली जाते. ई-६ स्थिरचित्रांच्या स्लाइड फिल्मसाठीही चालते आणि तिची रसायनं घरी वापरता येतात. त्यामुळे १००डी बंद झाल्यावरही शिल्लक साठा वापरणं शहाणपणाचं होतं. काळ्या-पांढऱ्या रिव्हर्सलला तर त्याहूनही कमी धोका, कारण ती कुठल्याही नेटक्या डार्करूममध्ये करता येते. पण एखाद्या फिल्मची प्रक्रिया फक्त तिच्यापुरतीच असेल, तर साठा करण्याऐवजी ती लगेच वापरायला घ्या. आईवडिलांचे चेहरे, राहतं घर, अंगणातलं झाड, जे त्या रंगांत हवं आहे ते आत्ता चित्रित करा. खास प्रसंगाची वाट पाहू नका.

फ्रीजरबद्दल एवढंच: थंडीत रंगांचं वय हळू वाढतं, पण थांबत नाही. वेगवान, म्हणजे कमी उजेडात चालणाऱ्या, फिल्मवर पार्श्वभूमीच्या किरणोत्साराचाही धूसर थर चढतो आणि त्याला फ्रीजर अडवू शकत नाही. ५० किंवा १०० वेगाची फिल्म ५०० वेगाच्या फिल्मपेक्षा जास्त टिकते. फ्रीजरमधून काढलेलं पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे काही तास, उघडू नका. नाहीतर इमल्शनवर पाणी धरतं. गार फिल्म ताठही असते आणि कार्ट्रिज अडकतं ते बहुतेक वेळा अशाच घाईत.

जुन्या रिव्हर्सलला 'थोडा जास्त उजेड' देणं

मुदत उलटलेल्या फिल्मला दर दहा वर्षांमागे एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) जास्त उजेड द्यावा, हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. निगेटिव्हसाठी, म्हणजे उलटं चित्र देणाऱ्या फिल्मसाठी, तो ढोबळमानाने चालतो. रिव्हर्सलसाठी मात्र तो उलटा बसतो. जुन्या रिव्हर्सलवर चढलेला धूसर थर धुताना उलटतो आणि शेवटच्या चित्रात काळा रंग फिका पडतो. चित्र आधीच विरळ होत असताना वरून उजेड वाढवला तर उरलीसुरली घनताही जाते. अशा फिल्मसाठी आधी एक कार्ट्रिज चाचणीसाठी ठेवा. एकच दृश्य छापील वेगाला, अर्धा स्टॉप कमी आणि अर्धा स्टॉप जास्त असं घ्या, धुवून पाहा आणि मग ठरवा. संपूर्ण कथापट न तपासलेल्या जुन्या साठ्यावर घेऊ नका.

'कुठेतरी धुतलं जाईलच' असं समजणं

न धुतलेलं कोडाक्रोम ई-६ मध्ये टाकलं तर रंग येत नाहीत, कारण रंगाचे घटकच फिल्ममध्ये नसतात. चांदी धुऊन जाते आणि हाती कोरी पट्टी उरते. शिवाय तिच्या पाठीवरचा काळा कार्बनथर सुटून रसायनात मिसळतो आणि इतरांचीही फिल्म खराब करतो. कोडॅकच्या व्हिजन मालिकेतल्या सिनेनिगेटिव्हवरही वर्षानुवर्षं असाच थर होता. तिच्यासाठी ईसीएन-२ प्रक्रिया असते. तीच फिल्म फोटोच्या साध्या सी-४१ यंत्रात घातली तर तो थर यंत्रभर पसरतो. पाकिटावर प्रक्रियेचं नाव मोठ्या अक्षरांत लिहा आणि देण्याआधी प्रयोगशाळेला विचारा.

घरात एखादं जुनं, चित्रित केलेलं पण न धुतलेलं कोडाक्रोम सापडलं तर निराश होऊ नका. ते काळ्या-पांढऱ्या रंगात धुता येतं. मूळ रंग मिळणार नाहीत, पण माणसं दिसतील, आणि ती दिसणं कधीकधी रंगांहून मोलाचं असतं.

नवी फिल्म, जुना हात

सर्वाधिक रोल इथे वाया जातात. कोडाक्रोम ४० च्या काळात सुपर-८ कॅमेरा जवळजवळ स्वतःच सगळं करायचा. कार्ट्रिजच्या कडेला असलेल्या खाचांवरून तो फिल्मचा वेग ओळखायचा. पण स्वस्त कॅमेऱ्यांपैकी अनेकांना ४० आणि १६० हे दोनच वेग माहीत होते. एक्टाक्रोम ६४टी आली तेव्हा अशा कॅमेऱ्यांनी तिला ४० समजून सुमारे दोन तृतीयांश स्टॉप जास्त उजेड दिला. रिव्हर्सलमध्ये एवढा फरक चेहऱ्यावर लगेच दिसतो, कपाळ पांढरं पडतं. लोक म्हणाले, 'नवी फिल्म फिकी आहे.' फिल्मचा काही दोष नव्हता.

कॅमेरा काय वाचतो हे तपासायला सोपी युक्ती आहे. नवं कार्ट्रिज घालून एकसारख्या उजेडातल्या राखाडी भिंतीवर कॅमेरा रोखा आणि दर्शिकेतला अॅपर्चर (भिंगाच्या उघडीचा आकडा) पाहा. मग हातातल्या लाइट मीटरवर फिल्मचा खरा वेग लावून आकडे ताडा. अनेक कॅमेऱ्यांत १८ फ्रेमला शटर साधारण १/४० सेकंदाचं असतं. एक तृतीयांश स्टॉपचा फरक सोडून द्या, त्याहून मोठा आला तर अॅपर्चर हाताने लावा. अॅपर्चर हाताने लावता येत नसेल तर अशा कॅमेऱ्यात रिव्हर्सलऐवजी निगेटिव्ह वापरा. ५०० वेगाची निगेटिव्ह १६० समजून दीड स्टॉपहून जास्त उजेड मिळाला तरी सांभाळून घेते. निगेटिव्हला जरा जास्त उजेड आवडतो आणि रिव्हर्सलला जरा कमी, हे हाताला शिकवावं लागतं.

दुसरा सापळा फिल्टरचा. कोडाक्रोम ४० दिव्याच्या उजेडासाठी बनवलेली होती. उन्हात कॅमेऱ्यातला नारिंगी ८५ फिल्टर समोर लागे, म्हणून कॅमेऱ्यावरच्या सूर्य आणि दिवा या चिन्हांचा अर्थ आपण 'बाहेर' आणि 'घरात' असा धरला. प्रत्यक्षात सूर्य म्हणजे फिल्टर समोर आणि दिवा म्हणजे फिल्टर बाजूला. एक्टाक्रोम १००डी किंवा व्हिजन ५०डी यांसारख्या उन्हासाठी बनवलेल्या फिल्मला फिल्टर नको असतो. त्यामुळे भर उन्हातही बटण दिव्यावर ठेवायचं. हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. पण अख्खं रीळ नारिंगी येतं ते बहुधा याच कारणाने. कार्ट्रिजवरच्या खाचेने फिल्टर आपोआप हटेल यावर विसंबू नका.

आणि फिल्मला दोष देण्याआधी बॅटरी पाहा. अनेक जुन्या कॅमेऱ्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पारायुक्त सेलवर चालत. आता ते मिळत नाहीत, म्हणून लोक १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घालतात आणि मीटरचा आकडा चुकतो.

पडद्यावर दाखवण्याचा विचार शेवटी करणं

निगेटिव्ह थेट प्रोजेक्टरवर चालत नाही. तिची प्रिंट काढावी लागते किंवा स्कॅन करावं लागतं. काही जणांना हे रोल धुऊन आल्यावर उमगतं. प्रोजेक्टरवर, पडद्याच्या उजेडात पाहण्यातच ज्यांचा आनंद आहे त्यांनी रिव्हर्सल शोधावी. कोडॅकची काळी-पांढरी ट्राय-एक्स आहे, १६ मिमी आणि डबल-८ (जुना ८ मिमी प्रकार) वाल्यांसाठी चेक कंपनीची फोमापान आर१०० आहे, आणि एक्टाक्रोम २०१८ मध्ये परत आली. मात्र तिच्याकडून कोडाक्रोमची अपेक्षा ठेवू नका. तिचा काळा वेगळा आहे, निळा जास्त मोकळा आहे आणि तिला तिच्या रंगांत पाहिलं तर ती सुंदर आहे.

जुन्या आणि नव्या रिळांची एकत्र जोडणी करताना फिल्मचा पाया तपासा. सुपर-८ ची बहुतेक फिल्म अॅसिटेटवर असे, तर फुजीची सिंगल-८ पातळ पॉलिएस्टरवर. पॉलिएस्टरला सिमेंट (फिल्म जोडायचा चिकटद्रव) धरत नाही, टेपचीच जोड लागते. टोकाचा नको असलेला तुकडा फाडून पाहा. अॅसिटेट फाटतं, पॉलिएस्टर नुसतं ताणतं. दोन्ही एकाच रिळात असतील तर जाडी बदलते आणि प्रोजेक्टरचा फोकस प्रत्येक जोडावर सरकतो. त्यापेक्षा दोन वेगळी रिळं बरी.

जुन्या रिळांना अमर समजणं

कोडाक्रोमचे रंग अंधारात फार चांगले टिकतात, आणि म्हणून आपण निर्धास्त होतो. पण प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे तेच रंग एक्टाक्रोमपेक्षा लवकर उडतात. दर सणाला दाखवलं जाणारं घरचं एकमेव रीळ हळूहळू फिकं होत असतं. ते आधी स्कॅन करून घ्या आणि मूळ रीळ कोरड्या, थंड जागी ठेवा. स्कॅन करणाऱ्याला ही कोडाक्रोम आहे हे आवर्जून सांगा. धूळ आपोआप काढणारी इन्फ्रारेड पद्धत तिच्यावर नीट चालत नाही, कडा कुरतडल्यासारख्या होतात. ती पद्धत बंद ठेवून रीळ आधी हाताने पुसायला सांगा. डब्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर अॅसिटेटचा ऱ्हास सुरू झालेला आहे. ते रीळ बाकीच्यांपासून वेगळं काढा आणि स्कॅनच्या रांगेत सगळ्यात पुढे ठेवा.