बोटुलिनम कुठवर पसरतं? तुलना करताना या चुका टाळा

बोटुलिनम म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन; बोटॉक्स, डिस्पोर्ट आणि झिओमिन हे त्याचे तीन ब्रँड. ‘डिस्पोर्ट पसरतं, बोटॉक्स जागेवर राहतं’ असं इंदूरच्या क्लिनिकांमध्ये सर्रास बोललं जातं. औषधांत थोडाफार फरक असेलही, पण औषध पसरून पापणी खाली आली की आधी सिरिंज आणि डोस तपासा.

तिन्ही औषधांची युनिटं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. भुवयांमधल्या आठ्यांसाठी लेबलवर बोटॉक्स 20, झिओमिन 20 आणि डिस्पोर्ट 50 युनिट दिली आहेत, पाच जागी वाटून. म्हणजे एका जागी 4, 4 आणि 10. डिस्पोर्ट तिप्पट हिशेबाने भरलं तर डोसच वाढतो, आणि वाढलेला डोस लांबवर जाणारच.

सर्वांत जास्त घोळ इन्सुलिनच्या सिरिंजमुळे होतो. बोटॉक्सच्या 100 युनिटच्या व्हायलमध्ये (औषधाच्या छोट्या बाटलीत) 2.5 मिली सलाइन घातलं की 0.1 मिलीत 4 युनिट येतात. लाल टोपीच्या 40 च्या (म्हणजे एका मिलीत 40 रेघांच्या) सिरिंजवर 0.1 मिली म्हणजे 4 रेघा, त्यामुळे एक रेघ एक युनिट असं सोपं गणित बसतं. पण हाताशी 100 ची सिरिंज आली आणि सवयीने 4 रेघाच भरल्या, तर जेमतेम 1.6 युनिट जातात. उलट, 300 युनिटचं डिस्पोर्ट 2.5 मिलीत विरघळवून लाल टोपीच्या सिरिंजने 4 रेघा दिल्या, तर 12 युनिट! व्हायलवर औषध, मिली आणि वेळ लिहा, आणि सिरिंज एकाच प्रकारची ठेवा.

पसरण्याची तुलना करायची तर एकाच कपाळाच्या दोन बाजूंना, सारख्या मिलीत, सारख्या खोलीवर टोचा. परिणाम आल्यावर तिथे आयोडीन लावून सुकू द्या, वर स्टार्च भुरभुरा. घाम आला की त्वचा जांभळट काळी होते आणि औषध पोचलेल्या भागात घाम थांबल्याने तो फिका राहतो. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकायचो, तोच प्रकार. आयोडीनची ॲलर्जी मात्र आधी विचारा. शिवाय हे फिकं वर्तुळ घामग्रंथींवरच्या परिणामाचं आहे. स्नायूवरचा परिणाम नेमका तेवढाच असतो असं नाही.

झिओमिनमध्ये सोबतची प्रथिनं नसतात, म्हणून ते जास्त पळतं, हा समजही सोडा. शरीरातल्या पीएचला (आम्लतेच्या पातळीला) बाकीच्यांची प्रथिनंही काही मिनिटांत सुटी होतात. काम करणारा 150 किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं माप) वजनाचा रेणू सगळ्यांत तोच.

भुवईच्या बाहेरच्या बाजूला टोचताना डोळ्याच्या खोबणीच्या हाडाच्या कडेवर बोट दाबून ठेवा आणि त्या कडेपासून किमान 1 सेंमी वर टोचा. त्यानंतर चोळायचं नाही. तरीही पापणी उतरली तर आणखी औषध टोचू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने 0.5 टक्के ॲप्राक्लोनिडिनचे थेंब ती 1 ते 2 मिमी उचलू शकतात. बाकी हा परिणाम काही आठवड्यांत आपोआप ओसरतो.

परिणाम 14 दिवसांनी तपासा. रंगपंचमीच्या गेरसाठी (इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीसाठी) आदल्या आठवड्यात येणाऱ्यांनाही हे सांगा. चौथ्या दिवशी ‘असर कमी’ म्हणून भर घातली की डोस विनाकारण वाढतो.

बोटॉक्स आणि डिस्पोर्ट 2 ते 8 अंशांतच ठेवा. न उघडलेलं झिओमिन 25 अंशांपर्यंत चालतं, पण इंदूरच्या मे महिन्यात 25 अंशांची खोली एसीशिवाय मिळत नाही. उन्हात तापून व्हायलमधल्या औषधाचा जोर कमी झाला म्हणून जास्त मिली टोचू नका. जास्त द्रव आणखी लांब पसरतो.

गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर, टोचून आठवडे उलटले असले तरी, थेट इस्पितळात न्या.